लपवलेले शस्त्र आणि आत्मरक्षणाचा अधिकार



मशिदीच्या इमामाकडे येणारे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. जकातीचा हिशेब, वारसांचे हिस्से, प्रवासातील नमाज, मेहरची रक्कम. गेल्या पावसाळ्यात भाटघर येथे मला मात्र असा प्रश्न विचारला गेला की ज्याचे उत्तर मदरशाच्या आठ वर्षांत कोणी शिकवले नव्हते. असरची नमाज झाली, जमात पांगली, आणि साठीकडे झुकलेले एक चाचा मागे थांबले. त्यांनी खिशातून घडी घातलेले दोन कागद काढले. कागदांवर हातात मावणाऱ्या बंदुकांची चित्रे होती. हलक्या आवाजात ते म्हणाले, “मौलाना, रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल? लहान पाहिजे. सदऱ्याखाली दिसता कामा नये.”

चाचा शेळ्या-बोकडांचा व्यापार करतात. शिरवळमार्गे लोणंदच्या बाजाराला जाणे-येणे, रोख रकमेचा व्यवहार, परतायला रात्र. महिन्यापूर्वी दोघा दुचाकीस्वारांनी त्यांचा टेम्पो अडवला, कोयता दाखवला आणि दिवसभराची रक्कम नेली. जाताना त्यांच्या हातावर वारही केला. मनगटाची जखम भरली होती. परंतु बोलताना त्यांचा हात दर थोड्या वेळाने कमरेकडे जात होता, जणू जे अजून विकत घेतलेले नाही ते जागेवर आहे की नाही हे चाचपत होता.

मी त्यांना हसलो नाही. वाचकहो, आपणही हसू नये. भयभीत माणसाला केवळ तवक्कुलचा उपदेश करणे हे धर्माचे काम नव्हे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्यास सांगितले होते. आत्मरक्षण हा आपल्या शरीअतने मान्य केलेला हक्क आहे. आपले प्राण, आपले कुटुंब, आपला दीन वा आपली मालमत्ता यांचे रक्षण करताना जो मारला जातो तो शहीद होय, अशा आशयाच्या हदीस तिरमिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत आहेत. आपल्याकडील हनफी फकीह तर प्राणांचा बचाव करणे कर्तव्यच मानतात. वरंधा घाट उतरून कोकणात गेलात की तेथील आपले बांधव शाफई. त्यांच्या फकीहांनी या बाबतीत थोडी मोकळीक ठेवली आहे. परंतु हल्लेखोराला अडवूच नये, असे कोणीही म्हटलेले नाही.

तेव्हा चाचांचा हक्क मान्य. प्रश्न उरतो तो त्यांच्या कागदांवरील चित्रांचा.

देशाचा कायदा या बाबतीत काय म्हणतो ते आधी पाहू, कारण ज्या भूमीत आपण राहतो तेथील कायदा पाळणे हा आपण केलेला करार आहे आणि करार पाळणे ही शरीअतची आज्ञा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना बंदूक बाळगणे हा कारावासाचा गुन्हा आहे. गावठी कट्टा म्हणून जे काही हस्तेपरहस्ते मिळते त्याची चर्चाही मी येथे करणार नाही. ते हरामच आहे आणि पुष्कळदा चालवणाऱ्याच्याच हातात फुटते. परवाना ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी देतात, तोही पोलीस चौकशीनंतर आणि जीविताला खरोखर धोका असल्याचे कारण पटल्यावर. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. सामान्य नागरिकाला मिळते ते प्रामुख्याने ०.३२ व्यासाचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. दिल्लीतील निर्भया प्रकरणानंतर, २०१४ च्या जानेवारीत, कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. वजन सुमारे पाचशे ग्रॅम, किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या आसपास. चाचांच्या पहिल्या कागदावर तेच होते.

“हे पर्समध्ये मावते म्हणे,” चाचा म्हणाले.

लहान बंदुकीविषयी जाणकार जे सांगतात ते थोडक्यात असे. जितकी ती लहान, तितकी लपवायला सोपी आणि चालवायला अवघड. नळी आखूड असल्याने नेम चटकन हुकतो; मूठ लहान असल्याने हाताची पकड अपुरी पडते; वजन कमी असल्याने धक्का अधिक बसतो. रिव्हॉल्व्हरची रचना साधी, अडकण्याची भीती कमी, परंतु घोडा जड. पिस्तुलात गोळ्या अधिक, पण यंत्र नाजूक, आणि नळीत गोळी भरून ठेवायची की नाही हा प्रश्न कायमचा. भरून ठेवली तर घरातील नातवाच्या हाती लागण्याचे भय; न भरता ठेवली तर ऐन वेळी हाताला दोन क्षण अधिक लागणार. या दोन क्षणांवरच सगळा व्यापार उभा आहे. लपवलेले शस्त्र घेणारा माणूस खरे तर हेच दोन क्षण विकत घेत असतो. आणि शरीअतने आत्मरक्षणाचा जो हक्क दिला आहे, तो याच दोन क्षणांमध्ये ठेवला आहे.

हे कसे, ते नसाईच्या संग्रहातील एका हदीसवरून दिसते. एक मनुष्य प्रेषितांकडे (स.) येऊन विचारतो की, कोणी माझे धन हिसकावू लागला तर काय करू? उत्तर मिळते की, त्याला अल्लाहचे स्मरण करून दे. त्याने ऐकले नाही तर? आसपासच्या लोकांची मदत घे. आसपास कोणी नसले तर? शासनाची मदत माग. शासन दूर असले तर? तेव्हा मात्र लढ. वाचकहो, या संवादाचा क्रम लक्षात घ्या. विचारणारा पहिल्याच प्रश्नात शेवटच्या पायरीची परवानगी मागत होता, प्रेषितांनी (स.) ती नाकारली नाही, परंतु तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी तीन पायऱ्या चढायला लावल्या. शब्द, शेजारी, शासन, आणि मग शस्त्र. फकीहांनी यावरूनच नियम बांधला की हल्लेखोराला सर्वांत सौम्य उपायाने आवरावे. ओरडण्याने तो पळत असेल तर काठी उचलू नये, काठीने भागत असेल तर तलवार उपसू नये. आणि तो पाठ फिरवून निघाला की त्याच्यावर वार करण्याचा हक्क तेथेच संपतो. त्यानंतर मारणाराच अतिक्रमण करणारा ठरतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३४ ते ४४ वाचली तर तेथेही हाच सांगाडा दिसतो. बचावाचा अधिकार आहे. पण शासनाचे संरक्षण मिळवायला वेळ असेल तर नाही, आणि आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याचा तर कधीच नाही.

कमरेला लावलेली बंदूक या क्रमाचे काय करते? ती चौथी पायरी पहिल्या पायरीच्या जागी आणून ठेवते. काठी हातात घेतलेला माणूस दिसतो. समोरचा ती पाहून मागे हटू शकतो. लपवलेले शस्त्र मात्र बाहेर येईपर्यंत नसतेच, आणि बाहेर आल्यावर दुसरे काही उरत नाही.

येथे मला स्वतःविषयी सांगणे भाग आहे. भाटघरला मी नवा होतो. मशिदीमागच्या खोलीत एकटा राहत असे. त्या दिवसांत पंचक्रोशीत चोऱ्या होत होत्या, म्हणून गवत कापायचा कोयता मी उशाशी ठेवू लागलो होतो. एका रात्री वीज गेलेली, जलाशयावरून येणारा पाऊस पत्र्यावर कोसळत होता, आणि दोनच्या सुमारास दाराची कडी हलली. मी “कोण?” म्हणून ओरडलो. उत्तर आले असेल तर पावसात ऐकू आले नाही. दार ढकलले गेले. मी कोयता उचलला. हात डोक्याच्या वर गेला होता, हे मला नीट आठवते, कारण कोयत्याचे टोक वाशाला लागून आवाज झाला. त्या आवाजाने दारातला मनुष्य किंचाळला आणि ते किंचाळणे लहान मुलाचे होते. बारा वर्षांचा मुलगा, नखशिखांत भिजलेला. त्याचे दादा वारले होते. मय्यतच्या गुसलचा तख्ता ज्या खोलीत असतो तिची किल्ली माझ्याकडे राहते. ती न्यायला घरच्यांनी त्याला पाठवले होते.

त्या रात्री मी गुसल दिले, पहाटे जनाजाची नमाज पढवली. तो मुलगा पहिल्या रांगेत होता. माझ्याकडे त्याने पाहिले नाही.

नंतर कितीतरी दिवस मी एकाच गोष्टीचा विचार करीत राहिलो. कोयत्याला वजन होते, वाशाला उंची होती, हात वर जाऊन खाली यायला वेळ लागतो. त्या वेळात मुलगा वाचला. माझी ईशपरायणता किंवा माझा संयम यांनी त्याला वाचवले, असे मी म्हणू शकत नाही. उशाशी कोयत्याऐवजी पाचशे ग्रॅमचे ते यंत्र असते तर एका बोटाचे काम होते.

हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांची घटना आपण अनेक खुत्ब्यांत ऐकली असेल. लढाईत त्यांच्या कचाट्यात सापडलेल्या शत्रूने कलमा उच्चारला, आणि तरीही त्यांनी त्याला ठार केले. तो शस्त्राच्या भीतीने तसे म्हणाला, असे त्यांनी नंतर सांगितले. प्रेषितांनी (स.) त्यांना विचारले की, तू त्याचे हृदय उघडून पाहिले होतेस काय? हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला की आपण आजच इस्लाम स्वीकारला असता तर बरे झाले असते, असे उसामांना (रजि.) वाटले. ते रणांगण होते, समोरचा सशस्त्र शत्रू होता, तरीही ही झाडाझडती. मग अंधाऱ्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या हेतूविषयी आपली खात्री किती असावी? दुचाकी टेम्पोच्या जवळ येते. चालक हात करतो. तो लुटारू आहे, की मागच्या चाकात हवा नाही हे सांगणारा वाटसरू? कुरआनने अनुमानाच्या आहारी जाण्यापासून रोखले आहे, आणि चुकून झालेल्या हत्येसाठीही दियत व प्रायश्चित्त लावले आहे. गुलाम मुक्त करणे शक्य नसेल तर सलग दोन महिन्यांचे रोजे. म्हणजे चूक झाली, हेतू नव्हता, एवढ्यावर सुटका नाही.

कोणी म्हणेल, मौलाना, तुम्ही चुकीचीच उदाहरणे देता. म्हणून महाराष्ट्रातील अलीकडचे काही प्रसंग सांगतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहू येथील घरी त्यांच्या स्वतःच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात शिरली. कोणी हल्लेखोर नव्हता. प्रवासाला निघताना शस्त्र कपाटात ठेवले जात होते. त्याच वर्षीच्या २ फेब्रुवारीला उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यातच एका आमदारांनी जमिनीच्या वादातून प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्या आणि ते आत्मरक्षण होते असे सांगितले. मुळशी तालुक्यात जमिनीच्याच वादात पिस्तूल हाती घेतल्याची चित्रफीत जुलैमध्ये सगळ्या देशाने पाहिली. या प्रकरणांचा निवाडा न्यायालये करतील. मला एवढेच दिसते की, लुटारूसाठी घेतलेले शस्त्र पुष्कळदा लुटारूला भेटतच नाही. ते भावकीला भेटते, भाडेकरूला भेटते, आपल्याच पायाला भेटते. जेथे घरोघरी बंदुका आहेत त्या अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. निराशेच्या रात्री घरात काय हाताशी आहे, यावर कधीकधी एखादे आयुष्य टिकते. आपले प्राणही आपले नाहीत, ती अमानत आहे, हे आपण जाणतोच.

आपल्या इतिहासात लपवलेल्या शस्त्राची एक मोठी आठवण आहे. हिजरी सन २३ मध्ये फजरच्या नमाजेत हजरत उमर (रजि.) यांच्यावर दुधारी खंजिराने वार झाले. मशिदीत येताना तो खंजीर कोणालाही दिसला नव्हता. परंतु त्यानंतर जे घडले ते आपण कमी सांगतो. आपल्या पित्याच्या हत्येने व्याकूळ झालेल्या उबैदुल्लाह बिन उमर यांनी केवळ संशयावरून हुरमुजान यांना ठार केले, आणि नवे खलीफा हजरत उस्मान (रजि.) यांच्यासमोर आलेला पहिला कठीण खटला तोच होता, असे इतिहासकार लिहितात. एक लपवलेले शस्त्र मदीनेत निघाले आणि नंतरचा प्रत्येक अनोळखी चेहरा संशयास्पद झाला. बारा वर्षांनी उस्मान (रजि.) यांच्या घराला वेढा पडला तेव्हा त्यांच्या दारी तलवारी घेऊन तरुण उभे होते, त्यांनी त्यांना परत पाठवले. ते उदाहरण सर्वांवर बंधनकारक आहे असे मी म्हणत नाही. एका खलीफाने आपल्यापायी मदीनेत रक्त सांडू नये म्हणून केलेली ती निवड होती. परंतु भेकडपणाचा आरोप त्यांच्यावर कोणी केला नाही, हेही ध्यानात असावे.

चाचांशी बोलणे चालू असताना एक तरुण दारात येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, “मौलाना, चोराचे सोडा. जनावरांची गाडी आहे म्हणून शंभर जणांनी अडवली तर?”

हा प्रश्न टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या घराघरांत तो आहे. आया तो मोठ्याने विचारत नाहीत इतकेच. मी त्याला विचारले की, सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर शंभर माणसांसमोर काय करील? पहिली गोळी सुटेपर्यंत त्या जमावात संकोचणारे, मागे उभे असणारे, पोलिसांना फोन करणारेही असतात. गोळी सुटली की ते सगळे एक होतात. आणि दुसऱ्या दिवशी त्या गोळीचा हिशेब ज्यांच्याकडून मागितला जाईल ते त्या गाडीत नसतील. ते गावातल्या घरांत असतील. म्हणून मान पुढे करा, असे मी म्हणालो नाही. खरेदीच्या पावत्या आणि वाहतुकीचे कागद जवळ ठेवा, रात्री एकटी गाडी काढू नका, रोकड शक्य तितकी बँकेतून फिरवा, ११२ क्रमांक मुलाच्या फोनवर नव्हे तर आपल्या फोनवर लावायला शिका. तरुण गप्प राहिला. त्याचे समाधान झाले असे मला वाटत नाही. माझेही पूर्ण झालेले नाही.

मात्र दुसऱ्या पायरीविषयी, शेजाऱ्यांविषयी, आपण फार कमी विचार करतो. प्रेषितपदाच्या आधी, मक्केत, एका परदेशी व्यापाऱ्याचा माल घेऊन पैसे बुडवले गेले. तो एकटा होता. त्याची हाक ऐकून कुरैशमधील काही घराण्यांनी अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमून शपथ घेतली की अन्याय झालेला कोणीही असो, आपण त्याच्या बाजूने उभे राहू. तीच हिल्फुल फुजूल. तरुण मुहम्मद (स.) तिच्यात सहभागी होते, आणि पुढे प्रेषित झाल्यावरही, आजही कोणी त्या कराराने हाक दिली तर मी येईन, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. त्या करारात सहभागी झालेल्यांपैकी कोणीही तेव्हा मुस्लिम म्हणवत नव्हते. चाचांना रस्त्यात लुटले त्या रात्री त्यांचा हात बांधून त्यांना भोरच्या दवाखान्यात नेणारा मनुष्य पलीकडच्या वाडीवरचा मराठा दूधवाला होता. हे त्यांनीच मला सांगितले, आणि सांगताना त्यात काही विशेष आहे असे त्यांना वाटले नाही. पुणे जिल्ह्यातील अनेक गावांत आता ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एका फोनने गावातले शेकडो फोन एकाच वेळी वाजतात. लोणंदला जाणारे चार व्यापारी एकत्र निघाले, त्यांत दोन धर्मांचे लोक असले, तर जे संरक्षण मिळते ते सदऱ्याखाली लपवावे लागत नाही.

इतके करूनही एखाद्याला खराच धोका असेल, शासनाने तो मान्य करून परवाना दिला असेल, तर त्याच्यासाठी शरीअतचे शिष्टाचार आहेत. मशिदीतून किंवा बाजारातून बाण नेणाऱ्याने त्यांची टोके मुठीत धरावीत, असे बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत आहे. उपसलेली तलवार एकाने दुसऱ्याच्या हाती देऊ नये. थट्टेतही आपल्या भावावर शस्त्र रोखू नये, कारण सैतान हात ओढू शकतो. प्रवासात झोपलेल्या एका सोबत्याची दोरी कोणी गमतीने घेतली आणि तो दचकून उठला, तेव्हा मुस्लिमाने मुस्लिमाला भयभीत करणेही वैध नाही, असे प्रेषितांनी (स.) बजावले. साधी दोरी! २०१६ च्या शस्त्र नियमांतही सार्वजनिक ठिकाणी बंदूक पूर्ण झाकलेली आणि नेणाऱ्याच्या ताब्यात असावी असे सांगितले आहे, आणि लग्नात हवेत गोळ्या झाडण्यास मनाई आहे. आपल्याकडे वरातीत तसे करणारे महाभाग आढळतात. त्यांच्या निकाहाचा खुत्बा पढवण्यास मी तरी जाणार नाही.

चाचांना मी शेवटी म्हणालो की, परवान्याचा अर्ज करायचाच असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात मी सोबत येतो, अर्ज मराठीत नीट लिहूनही देतो. अट एकच. आधी घरी सांगा. ज्या कपाटात ते राहणार त्याच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात, ज्या घरात नातवंडे खेळतात, त्या घराला ते ठाऊक असले पाहिजे.

चाचांनी कागदांची घडी घातली. “लपवायचे ते दुनियेपासून, मौलाना. घरात सांगितले तर तुमच्या चाची झोपायच्या नाहीत.”

“मग तुम्ही झोपाल?”

त्यांनी उत्तर दिले नाही. दर जुम्याला भेटतात, सलाम करतात, मनगट दाखवतात. आता ते लोणंदला त्या दूधवाल्याच्या भावाच्या गाडीसोबत जातात, असे कळले. कागद अजून खिशातच आहेत. वजूला बसताना ते काढून बाजूला ठेवतात तेव्हा मला दिसतात. चाचींना त्यांनी अद्याप सांगितलेले नाही.